दुर्गम वस्त्यांतील शाश्वत पर्यटन आणि सामाजिक अर्थव्यवस्था

बेट, उंच डोंगरदरी, वाळवंटाची कड अशा बाजारपेठेपासून तुटलेल्या लहान वस्त्यांनी पाहुण्यांच्या येण्याजाण्यातून कमाई करण्याची, आणि त्या कमाईची मालकी व तिच्याविषयीचे निर्णय वस्तीच्याच हातात ठेवण्याची पद्धत. यात दोन विचार एकत्र येतात. आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचे संपवू नये, ही शाश्वततेची कल्पना जागतिक पर्यावरण व विकास आयोगाच्या १९८७ च्या अहवालाने रूढ केली. सामाजिक अर्थव्यवस्थेत सहकारी संस्था, परस्पर साहाय्य मंडळे, विश्वस्त संस्था यांचे उद्योग मोडतात. त्यांत भांडवलापेक्षा माणसाला अधिक मान असतो आणि शिल्लक सभासदांकडे किंवा संस्थेच्या कामाकडे वळते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०२३ मध्ये या क्षेत्राला पाठिंबा देणारा ठराव केला. वस्त्यांमध्ये मात्र ही रीत त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे.

पैशाची गळती

पर्यटक दूरच्या शहरात सहल विकत घेतो. गाडी तिथली, वाटाड्या तिथला, डबाबंद खाणेही तिथूनच आलेले. वस्तीत तो चार तास फिरतो, छायाचित्रे काढतो आणि संध्याकाळी परततो. त्याने खर्च केलेल्या पैशातला फारच थोडा गावात उतरतो. कचरा मात्र सगळा मागे राहतो. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. म्हणून नुसता पर्यटकांचा आकडा पाहून गावाचे भले झाले असे म्हणणे फसवे आहे. होडी कोणाची, खाट कोणाची आणि आज किती जणांना येऊ द्यायचे हे ठरवणार कोण, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच बरेचसे अवलंबून असते.

ताकिलेची पाळी

पेरूमधील तितिकाका सरोवरातले ताकिले हे बेट या विषयात पुन्हा पुन्हा अभ्यासले गेले, आणि ते योग्यच आहे. १९७० च्या दशकात पर्यटक येऊ लागले तेव्हा केचुआ भाषक बेटकऱ्यांनी होड्या आपल्याच गटांच्या ठेवल्या. धक्क्यापासून पाचशेहून अधिक दगडी पायऱ्या चढून, विरळ हवेत धापा टाकत पाहुणा वर पोचला, की गावची मंडळी त्याला पाळीनुसार एखाद्या कुटुंबाकडे मुक्कामाला देत. ज्याचे घर रस्त्यालगत त्याचीच चांदी, असे होत नसे. पुरुषांनी विणलेल्या टोप्या आणि बायकांनी मागावर विणलेले पट्टे चौकातल्या सहकारी दुकानात ठरल्या दराने विकले जात. घासाघीस नाही, त्यामुळे शेजाऱ्याचा भाव पाडून विकण्याचा मोहही नाही. या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले.

पुढे १९९० च्या दशकात देशाचे आर्थिक धोरण बदलले. होडी वाहतुकीवरचा बेटाचा एकाधिकार टिकला नाही आणि सरोवराकाठच्या पुनो शहरातल्या कंपन्यांच्या वेगवान बोटी आल्या. पर्यटक वाढले, पण बरेच जण दिवसभरात फिरून परतू लागले आणि मुक्कामाची कमाई आटली. ताकिलेचे लोक आळशी झाले किंवा त्यांची एकी मोडली म्हणून हे घडले, असे मानणे अन्यायाचे ठरेल. सहकाराला कायद्याचे कुंपण लागते. ते निघाले की सगळ्यात मोठ्या भांडवलाचीच सरशी होते.

जमीन आणि वीज

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एग हे सुमारे ३० चौ. किमी.चे बेट पिढ्यान्‌पिढ्या एकेका खाजगी मालकाकडे होते. मालक बदलला की रहिवाशांच्या डोक्यावर टांगती तलवार. १२ जून १९९७ रोजी वर्गणीतून उभ्या राहिलेल्या रकमेवर, सुमारे १५ लाख पौंडांना, रहिवाशांचा सहभाग असलेल्या विश्वस्त संस्थेने बेट विकत घेतले. तेव्हा तिथे जेमतेम ६५ माणसे राहत होती. आज ती शंभराच्या वर आहेत. भाडेपट्टा पक्का झाला म्हणून लोकांनी घरे दुरुस्त केली, कोणी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या.

२००८ मध्ये जलविद्युत, वारा आणि ऊन यांवर चालणारी बेटाची स्वतःची वीज सुरू झाली. त्याआधी घरोघरी डिझेलची जनित्रे धडधडत असत. आता एका घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि व्यवसायाला १० किलोवॅट एवढीच मर्यादा आहे. ती ओलांडली की पुरवठा तुटतो. पाहुणचाराचा धंदाही याच मर्यादेत बसवावा लागतो. धारणक्षमता, म्हणजे एखादी जागा किती भार पेलू शकते याची मर्यादा, हा शब्द अहवालांत कोरडा वाटतो. एगमध्ये ती किटली आणि हीटर एकदम लावताना रोज कळते.

नेपाळमधील अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र प्रकल्पाने १९८६ पासून हेच सूत्र जंगलाला लावले. प्रवेशशुल्क त्याच भागातल्या संवर्धनावर व गावकामांवर खर्च होते, लॉजवाल्यांच्या समित्या दरपत्रक एकसारखे ठेवतात आणि सरपणाऐवजी रॉकेल किंवा दुसरे इंधन वापरण्याचे बंधन गावोगाव घातले गेले. नामिबियात १९९६ च्या कायद्याने सामायिक जमिनीवरील रहिवाशांना वन्यजीव व पर्यटन यांवर हक्क दिला. आज तिथे रहिवाशांनीच चालवलेली अशी ८० हून अधिक संवर्धनक्षेत्रे आहेत. इटलीत ओस पडलेली घरे दुरुस्त करून सगळे गावच एक विखुरलेले हॉटेल म्हणून चालवण्याची कल्पना १९७६ च्या फ्रिउली भूकंपानंतर पुढे आली.

दुसरा पाय

फक्त पर्यटनावर उभी असलेली वस्ती एका पायावर उभी असते. २०२० मध्ये जगातील आंतरराष्ट्रीय पर्यटन ७० टक्क्यांहून अधिक घटले, तेव्हा शेती-मासेमारी सोडून बसलेल्यांचे हाल झाले. बाहेरच्यांनी सुट्टीपुरती घरे घेतल्याने किमती चढतात आणि गावातल्याच तरुण जोडप्याला छप्पर मिळत नाही, हे दुसरे दुखणे. पाहुण्यांना खोल्या आहेत आणि शाळेत मुले नाहीत, अशी अवस्था आली की पर्यटन शाश्वत राहिले असे कुणी म्हणू नये.

कॅनडातील फोगो बेटावर १९६० च्या दशकात लोकांना मुख्य भूमीवर हलवण्याचा दबाव होता. तेथील मच्छीमारांनी सहकारी संस्था उभारून मुक्काम टिकवला. १९९२ च्या कॉड मासेमारीबंदीचा घावही त्यांनी सोसला. २०१३ मध्ये तिथे २९ खोल्यांची पांथशाळा, म्हणजे हॉटेल, उघडली. ती एका धर्मादाय संस्थेच्या मालकीची असून शिल्लक बेटाच्या कामांत परत जाते. पाहुण्याचा पैसा मजुरी, अन्न, साहित्य यांत कसा वाटला गेला आणि त्यातला किती बेटावर राहिला, याचा तक्ता ती जाहीर करते. इतका सरळ हिशेब इतरांनीही द्यायला हवा.

दक्षिण अटलांटिकमधील त्रिस्तान दा कुन्यावर विमानतळ नाही. केपटाउनहून जहाजाने सुमारे आठवडा लागतो आणि उतरण्यासाठी बेटाच्या परिषदेची परवानगी आधी घ्यावी लागते. पहिल्या रहिवाशांनी १८१७ मध्येच समान वाट्याचा करार केला होता. जमीन आजही सामायिक आहे, कुटुंबागणिक जनावरांची संख्या ठरलेली आहे आणि बाहेरच्याला जमीन विकत घेता येत नाही. अडीचशेहून कमी माणसांच्या या वस्तीचे मुख्य उत्पन्न शेवंड्यांच्या निर्यातीतून येते. पाहुणे ही वरकमाई. पहाटे समुद्र शांत असला की गावात घंटा वाजते, आणि होड्या पाण्यात जातात.