वंशावळ कशासाठी लिहिली गेली? घरच्या नोंदींमागचा इतिहास

घराण्याचा इतिहास जुळवायला बसलेल्या माणसाच्या हाती बहुधा तीन-चार गोष्टी येतात: ट्रंकेच्या तळाशी मोडीतले कागद, एखादी जन्मपत्रिका, जमिनीचे उतारे आणि कुणीतरी पाठकोऱ्या कागदावर काढलेले वंशाचे झाड. नातवंडांना पूर्वज कळावेत म्हणून यातले फारच थोडे लिहिलेले असते. कुणाला हक्क शाबीत करायचा होता, कुणाला श्राद्धाला नावे हवी होती, कुणाला दाखला. कागद कोणत्या गरजेतून आला हे कळले, की त्यात कोण सापडेल आणि कोण गळालेले असेल याचा अंदाज येतो.

सगळ्यांत भांडकुदळ गरज वतनाची, म्हणजे गावच्या वंशपरंपरागत हुद्द्याची आणि त्याच्या हक्कांची. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी वडिलोपार्जित चाले आणि भाऊबंदांत वाटलीही जाई. वडीलपणा कुणाकडे, मान आधी कुणाचा यावरून तंटे पिढ्यानपिढ्या चालत. गोतसभेपुढे, म्हणजे निवाडा करणाऱ्या स्थानिक सभेपुढे, दोन्ही पक्ष आपापला करीना (बाजूची लेखी हकिकत) मांडत आणि निकाल महजरात (सभेच्या निर्णयपत्रात) किंवा निवाडपत्रात लिहिला जाई. करीन्यातली वंशावळ ही एका पक्षाची वंशावळ असते, हे विसरता कामा नये. प्रतिपक्षाची शाखा तिच्यात आखूड झालेली असू शकते. इंग्रजी अमलात 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनच्या, म्हणजे करमाफ जमिनींचे हक्क तपासणाऱ्या आयोगाच्या, चौकशीला बळ मिळाले आणि इनामदारांना सनदा, कैफियती, वंशावळी पुढे कराव्या लागल्या. 1874 च्या वतन कायद्याने वतनदारांच्या नोंदी आणखी पक्क्या झाल्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कागद धुंडाळणारे अभ्यासक म्हणूनच एकाच घराण्याच्या दोन शाखांचे कागद शेजारी ठेवून वाचतात. जिथे ते जुळत नाहीत, तिथेच खरी माहिती असते.

दुसरी गरज तीर्थक्षेत्रातली. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया इथल्या उपाध्यायांकडच्या वह्यांत यजमान स्वतःच्या हाताने नावे लिहून सही करत आला. नोंद शोधायची तर आधी मूळ गाव सांगावे लागते. नुसत्या आडनावावर काम भागत नाही. वाई सोडून मुंबईला आलेल्या घराण्याचीही नोंद अनेकदा वाईच्याच नावाखाली सापडते. या वह्यांत आई, काकू, आजी यांची नावे दफ्तरी कागदांपेक्षा जास्त मिळतात, कारण पिंडदानाला ती लागतात. सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी घरोघर येऊन वंश सांगत. त्यांचा वारसा काही गावांत अजून टिकून आहे.

छापील कुलवृत्तांतांची, म्हणजे एकेका आडनावाच्या घराण्याच्या इतिहासग्रंथांची, लाट विसाव्या शतकातली. कुलमंडळांनी छापील पत्रके गावोगाव धाडली, आलेली उत्तरे शाखावार लावली, प्रत्येक व्यक्तीला अनुक्रमांक दिला. चिकाटीचे काम. मात्र ज्यांनी पत्रकाला उत्तर दिले नाही, त्यांची शाखा तिथेच थांबलेली दिसते. म्हणून छापील पानावर शाखा संपली, याचा अर्थ वंश संपला असा घेऊ नये. 'निपुत्रिक' या शेऱ्याचेही तसेच: त्या माणसाला मुली असू शकतात.

आजची धावपळ दाखल्यांची. महाराष्ट्रात जातीच्या पुराव्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचे कागद लागतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14, कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर ही नावे एकदम घरोघरी ऐकू येऊ लागली. दाखल्यापुरती वंशावळ अर्जदारापासून सरळ खापरपणजोबांपर्यंत जाते. चुलत्यांचे फाटे तिला नको असतात. घरच्या नोंदवहीचा ती पाया होऊ शकत नाही, एक फांदी होऊ शकते.

सगळ्यांत जास्त घोळ तारखांचा होतो. जन्मपत्रिकेत शालिवाहन शक असतो. त्यात 78 मिळवायचे हे बहुतेकांना माहीत असते, पण 1 जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत 79 मिळवावे लागतात. पानिपत झाले ते पौष शुद्ध 8, शके 1682 ला. डोळे मिटून 78 मिळवले तर 1760 येते. खरी तारीख 14 जानेवारी 1761. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन ही वेगळी कालगणना येते, तीही अरबी अंकशब्दांत: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1, 60, 100 आणि 1000, एकूण 1161. हा सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतो, त्यामुळे डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढे 600 मिळवायचे. पानिपतासाठी पुन्हा 1761 च येते. महसुली कागदांतल्या फसली सनाला हेच आकडे 590 आणि 591.

मोडीतला आकडा पुसट असेल तर संवत्सराचे नाव ताळा म्हणून वापरा. शकात 12 मिळवा, 60 ने भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. 1682 ला बाकी 14 येते आणि चौदावा संवत्सर विक्रम. (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय.) पत्रिकेवर विक्रम लिहिलेले असेल आणि तुम्ही शके 1687 वाचले असेल, तर शेवटचा आकडा पुन्हा पाहा. वहीत मूळ मिती जशीच्या तशी लिहून, काढलेली इंग्रजी तारीख शेजारच्या रकान्यात ठेवावी. मूळ मिती खोडली की चूक कुठे झाली ते पुढे कुणालाच शोधता येत नाही.

नावांचा पेच वेगळा. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे 'गोविंद बिन कृष्णाजी' आणि 'कृष्णाजी बिन गोविंद' ('बिन' म्हणजे 'चा मुलगा') आलटून पालटून येतात आणि दोन पिढ्या सहज एक होतात. म्हणून प्रत्येक माणसाला एक कायमचा क्रमांक द्यावा, सापडेल त्या क्रमाने. 1.2.3 अशी झाडाप्रमाणे क्रमवारी देखणी दिसते, पण उद्या एखादा थोरला भाऊ सापडला की खालचे सगळे आकडे बदलावे लागतात. दत्तक असेल तर जनक घर आणि दत्तक घर दोन्ही नोंदवावेत.

कागदांना लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. दोन्ही कागदाला कायमची धरतात. फोटोमागे लिहायचे ते पेन्सिलीने, हलक्या हाताने. स्कॅनच्या फाइलीला वर्ष, गाव, कागदाचा प्रकार असे नाव द्यावे.

लेकी-सुना शोधताना वारस फेरफार, म्हणजे मालक वारल्यावर जमिनीवर वारसांची नावे लावल्याच्या नोंदी, बघावेत. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावे येऊ लागतात, बहुधा सासरच्या नावाने. मात्र नंतर हक्कसोडपत्र झाले की चालू सातबाऱ्यावरून ती उडतात. त्यामुळे आजच्या उताऱ्यावर थांबू नये. त्यावरचे जुने फेरफार क्रमांक टिपून गाव नमुना 6 (फेरफारांची नोंदवही) आणि वारसांची नोंदवही म्हणजे 6-क यांतल्या त्या नोंदी मागाव्यात. बहिणीचे माहेरचे नाव, सासर, गाव आणि वय एकाच ओळीत मिळण्याची शक्यता तिथे सगळ्यांत जास्त.