१५ आकड्यांची चिंगी

जुळे सोलापुरातली माझी भाची नोकरीसाठी जर्मनीला निघाली आहे आणि तिची मांजर चिंगी तिच्याबरोबर जाणार आहे. त्यासाठी रेबीजच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करावी लागते. रक्त काढण्याआधी, कातडीखालची ओळखीची चिप वाचायला, डॉक्टरांनी चिंगीच्या खांद्यांवरून स्कॅनर फिरवला. पडद्यावर १५ आकडे आले, पण लसीकरणाच्या पुस्तिकेतल्या १५ आकड्यांशी ते जुळेनात. नववा आणि दहावा आकडा स्कॅनर ४७ दाखवत होता, पुस्तिकेत ७४ लिहिले होते. बाकी सगळं तंतोतंत.

युरोपीय संघाच्या नियमात आधी चिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त आणि भारतासारख्या देशातून जाताना त्यानंतर ३ महिने थांबणं, असा क्रम आहे. यातला प्रत्येक कागद मांजराला त्या एकाच क्रमांकाने ओळखतो. म्हणजे कागदोपत्री चिंगीची लस दुसऱ्याच मांजराची ठरत होती. भाचीचा चेहरा उतरला. "मामा, यंत्र चुकलं असेल की माणूस?"

माणूस, असं मी लगेच म्हणालो. तसं का म्हणालो, ते सांगतो.

मांजराची चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. साधारण १२ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड. आत लोखंडयुक्त फेराइटच्या काडीवर गुंडाळलेली बारीक तार, एक कपॅसिटर आणि एक इवलंसं सर्किट. बॅटरी नाही. त्यामुळे ही चिप मांजर कुठे आहे ते सांगू शकत नाही. जीपीएसशी तिचा काही संबंध नाही. एरवी ती कातडीखाली निपचित पडून असते. स्कॅनर जवळ आला की त्याच्यातल्या तारेच्या वेटोळ्यात सेकंदाला १,३४,२०० वेळा पुढे-मागे होणारा प्रवाह वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र चिपच्या वेटोळ्यातून जातं आणि तिथे वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं हेच तत्त्व आपल्या गल्लीतल्या डीपीत चालतं: दोन वेटोळी, मध्ये तारेची जोडणी नाही, तरी वीज पलीकडे पोचते. तेवढ्या उसन्या विजेवर चिप जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा झोपते.

या सांगण्यात एक सुंदर खबरदारी आहे. चिप एका दमात १२८ बिट (म्हणजे शून्य किंवा एक अशा खुणा) पाठवते, त्याला सेकंदाचा तिसावा हिस्साही लागत नाही. त्यातले ६४ बिट ओळखीचे, आणि १६ बिट त्या ओळखीवरून गणित करून काढलेले, निव्वळ तपासणीसाठी. स्कॅनर तेच गणित स्वतः करतो. उत्तर जुळलं नाही तर तो क्रमांक दाखवतच नाही. गोंधळलेला संदेश योगायोगाने या चाळणीतून निसटण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये १. शिवाय डॉक्टरांनी तीनदा स्कॅन केलं आणि तिन्ही वेळा ४७ आले. तिथे वाद संपला.

पण क्रमांक पडद्यावरून कागदावर उतरताना ही चाळणी संपते. आपल्या आधार क्रमांकातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटले तर संगणक लगेच ओळखतो. चिपच्या १५ आकड्यांत असा एकही आकडा नाही. पहिले ३ आकडे देशाचे (भारताचा संकेतांक ३५६) किंवा ९०० ते ९९८ मधला चिप बनवणाऱ्याचा संकेतांक, उरलेले १२ त्या जनावराचे. त्या १२ आकड्यांसाठी ३८ बिटच राखले आहेत, म्हणून ती संख्या २७४,८७७,९०६,९४३ च्या पुढे जाऊ शकत नाही. याचा घरी करता येईल असा एक उपयोग आहे: चौथा आकडा ०, १ किंवा २ हाच असायला हवा. आपल्या पुस्तिकेत तो ३ किंवा त्याहून मोठा दिसला, तर लिहिण्यात नक्की चूक आहे. चिंगीची चूक मात्र नवव्या-दहाव्या जागी होती, ती अशी पकडता आली नसती.

तिथे ४७ चे ७४ कसे झाले असतील? माझा अंदाज आहे की कुणी क्रमांक जोड्यांनी वाचून दाखवला असणार. मराठीत "सत्तेचाळीस" म्हणताना सात आधी उच्चारला जातो, चाळीस नंतर. तेलुगू आणि कन्नड दोन्हींत आधी चाळीस येतात, मग सात. आपल्या शहरात पूर्व भागात तेलुगू घरं, कर्नाटकाची हद्द जवळ, आणि दवाखान्यात सगळे मराठी बोलणारे. ऐकता ऐकता लिहिणाऱ्याचा हात पहिला कानावर पडलेला आकडा आधी लिहून मोकळा होतो. अस्सल मराठी घरातल्या माणसाचंही असं होतं, घाईत माझं झालेलं आहे. म्हणून क्रमांक सांगायचा तर एकेक आकडा सुटा: चार, सात. त्याहून चांगलं म्हणजे लिहायचंच नाही. चिपच्या पाकिटात बारकोडचे स्टिकर येतात, ते पुस्तिकेवर चिकटवायचे. आणि टोचण्याआधी पाकिटातली चिप स्कॅन करायची, मांजरही स्कॅन करायचं (आधीची चिप असू शकते), टोचल्यावर पुन्हा एकदा.

स्कॅनर खोटा क्रमांक सहसा सांगत नाही, पण "चिप नाही" असं मात्र चुकून सांगू शकतो, आणि हरवलेल्या मांजराच्या दृष्टीने तेच घातक. वेटोळ्यापासून दूर गेलं की चुंबकीय क्षेत्र झपाट्याने ओसरतं. अंतर दुप्पट झालं तर जोर सुमारे आठव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे स्कॅनर अंगाला जवळजवळ टेकवूनच फिरवावा लागतो. दुसरी गोष्ट दिशेची. चिपची काडी क्षेत्राच्या रेषेत असेल तर भरपूर वीज, बरोबर आडवी असेल तर जवळपास शून्य. एकाच दिशेने एकदा फिरवून हात झटकणं म्हणूनच पुरेसं नाही. सावकाश, आधी उभं मग आडवं, असं फिरवावं. स्टीलचं टेबलही क्षेत्र कमी करतं, तेव्हा मांजराला मांडीवर घेणं बरं. शिवाय मांजराची कातडी सैल. खांद्यांच्या मधे टोचलेली चिप कधी घसरून कोपरापर्यंत किंवा छातीपर्यंत जाते. तिथेही पाहायला हवं.

पंढरपुरी म्हशीच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला असतो, तो बाजारात कुणालाही वाचता येतो. मांजराच्या कानाला तो पेलणार नाही, आणि गळपट्टा जाळीतून घुसताना निघून जातो. चिप टिकते, पण ती शोधावी लागते.

शोधल्यावर हाती काय लागतं? फक्त क्रमांक. नाव, पत्ता, फोन चिपमध्ये नसतो, तो कंपनीच्या नोंदवहीत असतो, आणि अशा नोंदवह्या एक नाही, अनेक आहेत. पशुवैद्य लिंडा लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिकेतल्या ५३ निवारा केंद्रांची पाहणी प्रसिद्ध केली. तिथे आलेल्या भटक्या मांजरांपैकी १.८ टक्के मालकाकडे परतत होती, चिप असलेल्यांपैकी ३८.५ टक्के. चिपचा फायदा यात लख्ख दिसतो. पण चिप असूनही मालक सापडला नाही अशा कुत्र्या-मांजरांत सर्वांत मोठं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून मांजर २० आठवड्यांचं होण्याआधी चिप बसवणं सक्तीचं झालं आहे, आणि तिथेही माहिती अद्ययावत ठेवणं मालकाचंच काम आहे. आपल्याकडे तर रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच्या हाती जातो.

चिंगीच्या पुस्तिकेत डॉक्टरांनी जुना क्रमांक एका रेघेने खोडला, वर नवा लिहिला, सही-शिक्का केला. रक्ताच्या नळीवर क्रमांक चिकटवण्याआधी भाचीने आणि मी तो एकेक आकडा मोठ्याने वाचला. चिंगीला लस पुन्हा टोचून घ्यायची का, हे प्रयोगशाळेला विचारून ठरेल.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन आमच्या गणप्या बोक्याची पुस्तिका काढली. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की तो दरवर्षी बिथरतो, आणि दोन वर्षांपूर्वी एक रात्र बाहेर राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. चिप डाव्या खांद्याच्या जरा खाली सापडली, क्रमांक बरोबर होता. नोंदवहीत मात्र माझा ४ वर्षांपूर्वीचा नंबर होता, जो मी केव्हाच सोडला आहे. तिथेच बसून तो बदलला, पत्नीचा नंबरही जोडला. मग मदतनीस मुलीला म्हटलं, आता नोंदीत दिसतोय तो नंबर लाव. तिने लावला, आणि माझ्या खिशातला फोन वाजला.