छापचित्र बघून खिडकीचं कौतुक करू नका

ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेज चॅपेलच्या (कॉलेजातल्या प्रार्थनाघराच्या) रंगीत काचेच्या पश्चिम खिडकीत वर येशूजन्म आणि खाली सात सद्गुण, म्हणजे सात उभ्या स्त्रिया. फेशियस बंधूंनी कोरलेली त्यांची छापचित्रं समोर आली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘काय सुरेख स्टेन्ड ग्लास!’

छापचित्र म्हणजे काय, हे रविवर्म्याचे ओलिओग्राफ पाहिलेल्यांना सांगायला नको. ही मात्र दगडावरची नव्हेत: तांब्याच्या पत्र्यावर बारीक ठिपके, त्यात शाई, वर कागद. लंडनचा प्रकाशक जॉन बॉयडेल यानं 1780च्या दशकात ती विकली. आकार लहान, काचेचे रंग गायब. हे कुणालाही दिसतं.

घोटाळा होतो तो उजेडाचा. चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सनं खिडकीसाठी चक्क तैलचित्रं रंगवली आणि काचेवर रंगकाम करणाऱ्या थॉमस जर्व्हेसनं 1778 ते 1785 या काळात ती इनॅमल रंगांनी काचेवर उतरवून भाजली. तैलचित्रावर उजेड समोरून पडतो, काचेत तो मागून येतो. म्हणजे काचेवर सावली रंगवायची तर उजेडच अडवावा लागतो. येशूजन्मात सगळा प्रकाश बाळातून फाकतो आणि भोवती काळोख आहे. कॅनव्हासवर तो काळोख खोल वाटतो. काचेवर त्याच जागी रंगाचा थर बसला आणि काच मळकट झाली. खुद्द रेनॉल्ड्सही त्यावर खूश नव्हता. छापचित्राला ही अडचणच नाही. तिथे काळोख म्हणजे शाई, उजेड म्हणजे कोरा कागद. त्यात शिशाच्या पट्ट्यांची चौकटही आड येत नाही. म्हणून छाप खिडकीपेक्षा देखणा दिसतो आणि श्रेय उगाच काचेला जातं.

काच बघायचीच असेल तर तिथेच वळून ‘ऑक्सफर्डचा थॉमस’ या जुन्या काचकारागिराच्या चौदाव्या शतकातल्या खिडक्या बघा. मुळातच रंगीत काचेचे तुकडे, शिशानं सांधलेले. ठळक रेघांचं काम शिसंच करतं. मला विचाराल तर जर्व्हेसच्या सातही बाया त्यांच्यापुढे फिक्या. पश्चिम खिडकीतही आधी तसंच काम होतं. ते काढलं आणि यॉर्कला गेलं. चांगलं काढून हे बसवलं!

येशूजन्माचं मूळ तैलचित्र 1816 मध्ये इंग्लंडमधल्या बीव्हर कॅसलच्या आगीत जळालं. त्यामुळे रेनॉल्ड्सनं छायाप्रकाश कसा मांडला होता हे शोधताना छापचित्राचा आधार जरूर घ्या, पण जर्व्हेसच्या काचेबद्दल त्यावरून काही ठरवू नका.