आधी मत, मग नाव, शेवटी कागद: अमेरिकेतील मतदार पक्ष सोडतात त्यामागचा इतिहास

मराठीत ‘पक्षांतर’ म्हटले की डोळ्यांसमोर पुढारीच येतो; मतदाराने पक्ष सोडला तर त्या कृतीला आपल्याकडे वेगळे नावही नाही. अमेरिकेत मात्र साधारण ३० राज्यांत मतदारनोंदणी करतानाच ‘तुमचा पक्ष कोणता’ असे विचारले जाते आणि उत्तराची सरकारी दप्तरात नोंद होते, त्यामुळे तिथे मतदाराचे पक्ष सोडणे मोजता येते. ही मोजणी बरीच फसवी आहे. केंटकी राज्याने २००० सालापासून राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला, तरी त्या राज्याच्या मतदारयादीत रिपब्लिकनांची संख्या डेमोक्रॅटांपेक्षा जास्त व्हायला जुलै २०२२ उजाडला. लोक विसरभोळे होते म्हणून असे झाले नाही. केंटकीत पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक ‘बंद’ असते, म्हणजे तिच्यात त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनाच मत देता येते. पूर्वापार डेमोक्रॅटिक असलेल्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, कोण आणि कारकुनाच्या पदावर कोण, हे त्या प्राथमिक निवडणुकीतच ठरत असे; पुढची सार्वत्रिक निवडणूक केवळ उपचार. मनाने कधीच बाहेर पडलेला मतदार गावच्या कारभारातला आपला शब्द गमवायला नको म्हणून जुन्या पक्षाच्या नोंदणीचा कागद जवळ ठेवत असे. शिवाय कागद बदलायचाच, तर तो प्राथमिक निवडणुकीच्या आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत बदलावा लागतो.

म्हणूनच ‘मतदाराने पक्ष केव्हा सोडला’ या प्रश्नाला एक तारीख हे उत्तर नसते. आधी मत जाते, मग स्वतःला त्या पक्षाचा म्हणवून घेणे थांबते आणि कागद सर्वांत शेवटी बदलतो. या तीन टप्प्यांमध्ये कधी दहा वर्षे जातात, कधी एक संपूर्ण पिढी.

एकोणिसाव्या शतकात हे टप्पे वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. पक्षाच्या सर्व उमेदवारांची नावे असलेली ती लांबट चिठ्ठी अनेकदा रंगीत असे आणि मतदार ती सर्वांसमक्ष पेटीत टाकत असे. एखादा उमेदवार नकोसा असेल तर त्याचे नाव खोडायचे, किंवा दुसऱ्या नावाची गोंद लावलेली बारीक पट्टी त्यावर चिकटवायची, एवढीच सोय होती. कोणत्या रंगाचा कागद हातात आहे हे शेजाऱ्याला आणि मालकालाही दिसे. उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धानंतर रिपब्लिकन प्रचारकांची ‘जशी गोळी झाडली तसे मत द्या’ ही हाक प्रसिद्ध होती. पक्ष बदलणे म्हणजे ज्या बाजूने भाऊ आणि बाप लढले ती बाजू सोडणे, असा तिचा रोख. १८८४ साली काही प्रतिष्ठित रिपब्लिकनांनी आपल्याच पक्षाचे उमेदवार जेम्स ब्लेन भ्रष्ट आहेत असे म्हणून डेमोक्रॅटिक ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना पाठिंबा दिला, तेव्हा त्यांना ‘मगवम्प’ हे हिणवणारे नाव पडले. मूळ आदिवासी भाषेतल्या या शब्दाचा अर्थ मोठा सरदार असा आहे, पण विनोदकारांनी कुंपणावर बसलेला पक्षी अशी त्याची फोड केली: थोबाड एका बाजूला, बूड दुसऱ्या बाजूला. क्लीव्हलँड त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात हजार-बाराशे मतांनी जिंकले आणि त्या बळावर राष्ट्राध्यक्ष झाले.

मॅसॅच्युसेट्सने १८८८ मध्ये सरकारी, गुप्त मतपत्रिकेचा कायदा केला आणि काही वर्षांतच बहुतेक राज्यांनी तो मार्ग धरला. पक्ष सोडण्याच्या इतिहासात या कायद्याचे महत्त्व कोणत्याही गाजलेल्या भाषणापेक्षा जास्त आहे, असे मला वाटते. एका पदासाठी एका पक्षाला आणि दुसऱ्या पदासाठी दुसऱ्याला, तेही कुणाला न कळता मत देणे त्यामुळे शक्य झाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनपासून प्राथमिक निवडणुकांची पद्धत पसरली आणि पक्षाच्या निवडणुकीत पक्षाच्याच माणसाने मत द्यावे म्हणून मतदाराच्या पक्षाची नोंद ठेवण्याची गरज निर्माण झाली. मत गुप्त झाले आणि पक्षाचे नाव दप्तरी लागले, ते असे थोड्याच अंतराने.

मोठ्या समूहाने पक्ष सोडल्याचे सर्वांत बोलके उदाहरण कृष्णवर्णीय मतदारांचे आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकन यांचा पक्ष म्हणून सुमारे सात दशके हे मतदार रिपब्लिकन राहिले. दक्षिणेत बहुतेकांचा मताधिकार हिरावला गेला होता, त्यामुळे प्रत्यक्ष मतदान करणारे मुख्यतः उत्तरेतल्या शहरांत स्थलांतरित झालेले लोक होते. अनेक घरांच्या भिंतींवर लिंकन यांची तसबीर असे. सप्टेंबर १९३२ मध्ये ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी क्लीव्हलँड शहरातल्या भाषणात श्रोत्यांना सांगितले की घरी जा आणि लिंकनची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते ऋण पूर्ण फिटले आहे. व्हॅन यांनी तसबीर फोडायला किंवा उतरवायला सांगितले नाही, फक्त फिरवायला सांगितले. पक्ष सोडताना माणसाला आपल्याच वाडवडिलांशी काय बोलावे लागते, ते त्या एका वाक्यात आले आहे.

त्या वर्षी मात्र फारशा तसबिरी फिरल्या नाहीत. मंदी ऐन भरात असूनही बहुसंख्य कृष्णवर्णीयांनी रिपब्लिकन हूव्हर यांनाच मत दिले. चार वर्षांनी, डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मदतयोजनांतून काम आणि धान्य घरापर्यंत पोहोचल्यावर, सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीय मते डेमोक्रॅटिक पक्षाला गेली. त्याच पक्षात दक्षिणेतले कट्टर वर्णभेदी खासदार बसलेले होते आणि झुंडबळींविरुद्धचा कायदा त्यांनीच अडवून धरला होता, हे या मतदारांना ठाऊक नव्हते असे नाही. पण १९३६ मध्ये रूझवेल्ट यांना मत देणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःला अजून रिपब्लिकनच म्हणवत होते. ‘आम्ही डेमोक्रॅट’ असे बहुसंख्य कृष्णवर्णीय म्हणू लागले ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस, डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढल्याच्या सुमारास. आणि हे नाते पक्के झाले १९६४ मध्ये, नागरी हक्क कायद्याच्या वेळी. मत पोटाच्या प्रश्नावर हलले, नाव हलायला सन्मानाचा प्रश्न लागला.

पक्षनिष्ठेचे शास्त्र उभे राहिले ते याच्या पुढच्या काळात. मिशिगन विद्यापीठातील अँगस कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात देशव्यापी पाहण्या घेतल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की बहुतेकांची पक्षनिष्ठा धर्मासारखी घरातून येते, लहानपणीच रुजते आणि धोरणांविषयीच्या मतांपेक्षा अधिक टिकते. माणूस आधी पक्षाचा असतो आणि त्या चष्म्यातून बातम्या पाहतो. १९८१ मध्ये मॉरिस फिओरिना यांनी याला वेगळे वळण दिले: मतदार मनात एक खातेवही ठेवतो, कारभाराच्या बऱ्यावाईट अनुभवांची जमा-नावे तीत चालू असतात आणि आईवडिलांकडून आलेली निष्ठा ही त्या वहीतली आरंभीची शिल्लक. दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर ठरले आहेत. एका वाईट वर्षाने शिल्लक संपत नाही. पण ती अक्षयही नसते.

वॉटरगेट प्रकरणावरून हे नीट दिसते. त्या घोटाळ्यापायी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिल्यावर नोव्हेंबर १९७४ मध्ये डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहाच्या (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) ४९ जागा अधिक मिळवल्या आणि रिपब्लिकन पक्ष संपला, असे बोलले जाऊ लागले. सहाच वर्षांत रिपब्लिकन उमेदवार रीगन यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ४४ राज्ये जिंकली. घोटाळ्यामुळे चिडलेला मतदार एखादी निवडणूक घरी बसतो किंवा दुसरीकडे मत टाकतो आणि दोषी माणूस गेला की परततो. पक्ष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तरच बदलते तेव्हा मात्र तो सहसा परतत नाही.

दक्षिणेतील गोऱ्या मतदारांच्या बाबतीत नेमके हेच झाले. यादवी युद्धापासून ते इतके ठाम डेमोक्रॅट होते की तिथे रिपब्लिकन पक्षाला उमेदवारही मिळत नसत. १९४८ मध्ये ट्रूमन यांच्या नागरी हक्कांच्या भूमिकेवर चिडून काही नेते बाहेर पडले आणि स्ट्रॉम थर्मंड यांनी वेगळ्या चुलीवर चार राज्ये जिंकली, पण मतदार पुन्हा घरी आले. २ जुलै १९६४ रोजी डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्या कायद्याविरुद्ध मत देणारे बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार होते. नोव्हेंबरमध्ये देशभर त्यांचा धुव्वा उडाला, मात्र मिसिसिपीत त्यांना तब्बल ८७ टक्के मते पडली. या स्थित्यंतराला दक्षिणेतली नवी सुबत्ता आणि उपनगरी मध्यमवर्ग कारणीभूत होता, असे काही अभ्यासक मानतात, आणि त्यात तथ्य आहे. पण एका निवडणुकीत ८७ टक्क्यांवर जाणारा आकडा सुबत्तेने समजावता येत नाही.

या कथेतला अधिक शिकवणारा भाग पुढचा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. राष्ट्राध्यक्षासाठी रिपब्लिकनांना मत देणारा तोच मतदार राज्याच्या विधिमंडळासाठी आणि गावच्या पदांसाठी डेमोक्रॅटांनाच निवडत राहिला, कारण ते उमेदवार त्याच्या ओळखीचे, त्याच्याच विचारांचे होते. दक्षिणेतून प्रतिनिधिगृहात जाणाऱ्यांत रिपब्लिकनांचे बहुमत झाले १९९४ मध्ये. अलाबामाच्या विधिमंडळात ते झाले २०१० मध्ये, १३६ वर्षांनंतर. गोल्डवॉटर यांना मत देणाऱ्यांपैकी कित्येक जण तोवर हयातही नव्हते. स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे वृद्ध गेले आणि ते नाव कधी लावलेच नाही अशी त्यांची नातवंडे मतदार झाली, असेही पक्ष सोडणे घडते. त्यात कोणालाही काही सोडावे लागत नाही.

उत्तरेत हीच गोष्ट कारखान्यांच्या वस्तीत घडली. डेट्रॉइटलगतच्या मेकम काउंटीत मोटारउद्योगातले कामगार राहत. १९६० मध्ये तिथे डेमोक्रॅटिक उमेदवार केनेडी यांना ६३ टक्के मते मिळाली होती; १९८४ मध्ये रीगन यांना ६६ टक्के मिळाली. १९८५ मध्ये डेमोक्रॅटांचे जनमत अभ्यासक स्टॅन्ली ग्रीनबर्ग तिथल्या पक्ष सोडलेल्यांशी बोलले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात कर आणि नोकऱ्यांइतकीच एक तक्रार परत परत आली: हा पक्ष आता आमच्यासाठी नाही, इतरांसाठी आहे. त्या ‘इतरां’मध्ये वर्णद्वेष उघड होता, हे ग्रीनबर्ग यांनी लपवले नाही. खुद्द रीगन म्हणत की मी डेमोक्रॅटिक पक्ष सोडला नाही, पक्षानेच मला सोडले. वाक्य चटकदार आहे आणि निम्मे खरे आहे. रूझवेल्टभक्त रीगन यांचे स्वतःचे विचारही दरम्यान बरेच उजवीकडे गेले होते. गंमत म्हणजे त्यांनी १९५२ पासूनच रिपब्लिकन उमेदवारांना पाठिंबा दिला, पण नोंदणी बदलली १९६२ मध्ये. त्यांचाही कागद दहा वर्षे मागे होता.

जाणारे कोण असतात, याचेही एक गणित आहे. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये नायजेरियातील रेल्वेवरून एक विचार मांडला. रेल्वेची सेवा बिघडली तेव्हा तक्रार करू शकणारे जागरूक व्यापारी मालमोटारींकडे वळले, त्यामुळे रेल्वेला खडसावणारे कोणी उरले नाही आणि सेवा आणखी बिघडली. पक्षातही असेच होते. मवाळ सदस्य कंटाळून जातात, प्राथमिक निवडणुकीत कडवे उरतात, उमेदवार कडवे निवडले जातात आणि मग उरलेल्या मवाळांनाही दार दिसू लागते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण पक्ष सोडणारे बहुतेक वेळा थोडे असतात. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला तेव्हा दोन्ही पक्षांत दोन्ही मतांचे लोक होते. पुढारी हळूहळू दोन बाजूंना गेले. हा प्रश्न ज्यांना जिव्हाळ्याचा वाटे त्यांनी पक्ष बदलला. बाकी अनेकांनी पक्ष तसाच ठेवून आपले मत पक्षाच्या जवळ नेले. स्वतःचे मत बदलणे हे पक्ष बदलण्यापेक्षा सोपे असते, कारण ते शेजाऱ्यांना दिसत नाही.

अलीकडे गॅलप या जनमत संस्थेच्या पाहण्यांत ४० टक्क्यांहून अधिक अमेरिकन स्वतःला ‘अपक्ष’ म्हणवतात. यातल्या बहुतेकांना ‘कल कुणाकडे’ असा दुसरा प्रश्न विचारला की ते एका पक्षाचे नाव घेतात आणि मतही त्यालाच देतात. केंटकीत मत गेले होते आणि नाव उरले होते. इथे नाव गेले आहे आणि मत उरले आहे.

सध्याची हालचाल शिक्षणाच्या रेषेवर चालली आहे. उपनगरी, पदवीधरांची वस्ती असलेल्या कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीने २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला पसंती दिली, ती १९३६ नंतर प्रथमच. उलट टेक्सासच्या सीमेवरची, जवळजवळ संपूर्ण हिस्पॅनिक (मुळातल्या स्पॅनिशभाषक) वस्तीची आणि गरीब अशी स्टार काउंटी १८९२ नंतर कधीच रिपब्लिकनांकडे गेली नव्हती. २०१६ मध्ये तिथे हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मते पडली, २०२० मध्ये बायडन यांना ५२, आणि २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. टेक्सासमध्ये नोंदणीच्या वेळी पक्ष विचारत नाहीत, त्यामुळे तिथे बदलायला कागदच नाही. ही काउंटी प्रतिनिधिगृहाच्या ज्या मतदारसंघात येते, तेथून त्याच दिवशी डेमोक्रॅटिक उमेदवार पुन्हा निवडून आला.