आरोग्यशिक्षण प्रकल्प, आंतरराष्ट्रीय : ग्रामीण विदर्भ

परदेशी विद्यापीठ, येथील वैद्यकीय महाविद्यालय वा संशोधनसंस्था आणि जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा यांनी मिळून चालविलेले डॉक्टर, परिचारिका व आशा यांचे प्रशिक्षण.

विदर्भातील प्रारंभाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो सेवाग्रामला १९६९ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेपर्यंत नेतात. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, शिबिरात राहते व नेमून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहते. या पद्धतीचा उगम परदेशी विद्यापीठात नाही. तिला पूर्वपीठिका म्हणणे बरे. दुसरे मत गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेकडे बोट दाखवते. अभय व राणी बंग यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८६ च्या सुमारास येथे काम उभारले. ३९ गावांतील आरोग्यदूतांनी घरी जाऊन केलेल्या नवजात बालसेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. पण बाल्टिमोरने येथे माणसे घडविली, प्रकल्प चालविला नाही. काटेकोर अर्थाने करारबद्ध सहभाग दिसतो तो नागपूरचे लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन व बोस्टन विद्यापीठ यांच्या कामात.

जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास घ्यायला मदत करणे शिकविणाऱ्या ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ या अमेरिकी अभ्यासक्रमाचे (२०१०) मूल्यमापन नागपूर, बेळगाव व केनियात झाले. सहा प्रशिक्षणार्थींमागे एक प्रशिक्षक, दोघींत सरावासाठी एक बाहुली. बाहुलीत कोमट पाणी भरतात, म्हणजे हाताला बाळाचे वजन जाणवते. बाळ पुसून कोरडे करणे, गरज असल्यास तोंड-नाक साफ करणे, पाठ चोळणे आणि तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कने हवा देणे, असा क्रम. वेग मिनिटाला सुमारे ४०. त्यासाठी ‘श्वास-दोन-तीन’ असे मोजत ‘श्वास’ला पिशवी दाबतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ क्रमांकाचा मास्क, लहान बाळाला शून्य. मास्क डोळ्यांवर चढला वा हनुवटीबाहेर गेला की कडेने हवा निसटते. मान फार मागे वळली की श्वासमार्ग अडतो. दोन्ही वेळा छाती वर येत नाही, आणि पाहायचे तेवढेच असते. शोषनळीने उगाच घसा साफ करण्यात पहिले मिनिट जाते, ही जुनी सवय सर्वांत उशिरा सुटते.

तिन्ही ठिकाणी मिळून परिजननकालीन (जन्माच्या आसपासच्या) मृत्युदरात घट आढळली नाही. कौशल्य काही महिन्यांत ओसरते. बाळंतपणे ग्रामीण रुग्णालयाकडे गेल्यामुळे उपकेंद्रात हात बसण्याची संधीच कमी. बाहुली एकदा डेडस्टॉक (टिकाऊ सामानाच्या) नोंदवहीत चढली की कपाटात कुलूपबंद होते. ती प्रसूतिकक्षातच ठेवून दर आठवड्याला थोडा सराव करणे मोठ्या उजळणी-वर्गापेक्षा उपयोगी.

निव्वळ प्रशिक्षण व संशोधन यांची सीमा पुसट आहे. परदेशी निधीतून माहिती गोळा होऊ लागली की नैतिकता समितीबरोबर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मान्यता लागते. परदेशी देणगीविषयक कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही.