तीन वॅटचा रंगीत एलईडी जोडण्यापूर्वी

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या काउंटरवर एक तक्रार हमखास येते : "एलईडी चांगला लागत होता, पण लाल गेला." वायरिंग पाहिलं की बहुधा एकच प्रकार निघतो. तिन्ही रंगांचे पाय समांतर जोडून, प्लसला सगळ्यांत मिळून एकच रेझिस्टर (करंटला आवर घालणारा भाग) लावलेला असतो. लालला साधारण २.२ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३.२ च्या आसपास लागतात. एकत्र बांधल्यावर लाल आधी पेटतो आणि व्होल्टेज वर चढूच देत नाही. बाकीचे दोघे उपाशी राहतात, तिघांचा करंट एकटा लाल खातो आणि जातो. पांढरा उजेड तर मिळतच नाही.

म्हणून प्रत्येक रंगाला स्वतंत्र रेझिस्टर हवा. आमच्याकडच्या सहा पायांच्या एलईडीत एकेका वॅटच्या तीन वेगळ्या चिप असतात. प्रत्येकीला जास्तीत जास्त ३५० मिलिअँपिअर द्यायचे.

एकच एलईडी असेल तर ५ व्होल्टचा, किमान २ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. लालला ८.२ ओहम, हिरव्याला आणि निळ्याला ५.६ ओहम. रेझिस्टर २ वॅटचेच मागा. पाव वॅटचा लावलात तर पाच मिनिटांत जळका वास येईल.

१२ व्होल्टवर एकच एलईडी लावणं म्हणजे पैसे देऊन रेझिस्टर तापवणं. तिथे तीन एलईडींमधल्या एका रंगाच्या तीन चिप सीरिजमध्ये (एकामागोमाग एक) घ्या : तिन्ही लाल मिळून १८ ओहम, ५ वॅट, तिन्ही निळ्या ८.२ ओहम, २ वॅट, हिरव्यांनाही तेच. हिशेबाने निळ्याला ६.८ ओहम येतो, पण ३.२ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. एखाद्या लॉटमध्ये तो ३.० निघतो, आणि मग ६.८ वर करंट ४४० पर्यंत चढतो. थोडा उजेड कमी पडलेला परवडला.

मखरात दोन-तीन तास लावणार असाल तर रेझिस्टर पुरे. रोज, तासन्‌तास चालवायचे असतील तर रंगागणिक एक पीटी ४११५ चं ड्रायव्हर मॉड्यूल घ्या. ते करंट स्वतः सांभाळतं. ३५० मिलिअँपिअरचं हवं हे सांगून मागा, नाहीतर जास्त करंटचं हातात पडेल. चार पायांच्या, सामाईक प्लसच्या एलईडीला मात्र हे मॉड्यूल जोडू नका. मॉड्यूलला प्रत्येक रंगाची दोन्ही टोकं मोकळी लागतात.

रंग बदलायला आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) वापरणाऱ्यांसाठी : त्याची पिन २० मिलिअँपिअरची आहे, तिला थेट एलईडी जोडू नका. मधे मॉस्फेट (पिनच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) लागतो, आणि तो आयआरएलझेड ४४ एन. आयआरएफझेड ४४ एन दिसायला जुळा भाऊ आहे, पण ५ व्होल्टवर नीट उघडत नाही, नुसता तापतो. मॉस्फेटचा गेट (आर्डुइनोची पिन जोडतात तो पाय) आणि ग्राउंड यांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर बोर्ड सुरू होताना दिवे उगाच भपकतात. एलईडीच्या सप्लायचा मायनस आणि आर्डुइनोचा ग्राउंड जोडायला लोक विसरतात. "प्रोग्रॅम चालत नाही" म्हणून आलेल्यांना आम्ही आधी हेच विचारतो.

आता उष्णता. तिन्ही रंग पूर्ण लावले की नखाएवढ्या जागेत ३ वॅट जिरतात. हीटसिंकशिवाय (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) 'जरा लावून बघू' म्हणू नका. एलईडीखालची चांदणीच्या आकाराची ॲल्युमिनियम प्लेट हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावून दोन स्क्रूंनी घट्ट बसवा. पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी पुरते. श्रीखंडासारखी थापू नये. तापल्यावर सगळ्यांत जास्त उजेड लालचाच घटतो, म्हणून आरतीला पांढरी दिसणारी मूर्ती रात्री उशिरा निळसर दिसू लागली, तर हीटसिंक अपुरा आहे असं समजा.

वायरींना सोल्डरचे डाग मात्र प्लेट हीटसिंकवर बसवण्याआधी द्या. ॲल्युमिनियम सगळी उष्णता ओढून घेतं आणि २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाग धरत नाही, नुसता गोळा होऊन बसतो. ६० वॅटचं आयर्न घ्या, किंवा प्लेट आधी थोडी गरम करून घ्या. डाग चकचकीत आणि पसरलेला दिसला पाहिजे.

घरी तपासताना : मल्टीमीटरच्या डायोड मोडवर लाल मंद लागतो, निळा कित्येक मीटरवर लागतच नाही. तो खराब नसतो, मीटरचं व्होल्टेज अपुरं पडतं. पेटलेल्या एलईडीत डोकावून पाहू नका, कागदावर उजेड पाडून बघा. उघड्या टर्मिनलच्या एसएमपीएसवर (घरच्या विजेवर चालणाऱ्या पॉवर सप्लायवर) २३० व्होल्ट असतात. मखरामागे मुलांचा हात जातो, तेव्हा तो डब्यात बंद करूनच ठेवा.

प्रत्येक एलईडी आम्ही तिन्ही रंग लावून दाखवूनच देतो. तरीही गेला, तर वायर कापून नुसता एलईडी आणू नका. सगळी जोडणी आहे तशी, रेझिस्टर आणि अडॅप्टरसकट आणा. चूक कुठे झाली ते काउंटरवरच दाखवू. त्याचे पैसे नाहीत.