अजविलाप

कालिदासाच्या रघुवंश या १९ सर्गांच्या महाकाव्यात, राणी इंदुमती अकस्मात मरण पावल्यावर कोसलचा राजा अज जो शोक करतो, त्या आठव्या सर्गातील भागाला अजविलाप असे म्हणतात. प्रत्यक्ष विलाप पंचवीस-सव्वीस श्लोकांचाच असला, तरी राणीचा मृत्यू, वसिष्ठांचा उपदेश आणि त्यानंतर अजाने काढलेली आठ वर्षे यांच्यासह तो वाचला, म्हणजे त्याचे मोल कळते. वाल्मीकिरामायणाच्या वंशावळीत अज हा दशरथाचा पिता एवढ्याच ओळखीने येऊन जातो. रघुवंशात मात्र तो दुःखाने खचलेला आणि तरीही मुलासाठी जगत राहणारा नायक म्हणून उभा राहतो.

इंदुमती ही विदर्भाची राजकन्या, भोजराजाची बहीण. सहाव्या सर्गातील स्वयंवरात तिने एकामागून एक राजे मागे टाकून अजाला वरले होते. पुढे दशरथाचा जन्म झाल्यानंतर एके दिवशी ही दोघे नगराच्या उपवनात विहार करीत असता, गोकर्णाच्या शिवापुढे वीणावादन करण्यासाठी आकाशमार्गाने निघालेल्या नारदांच्या वीणेवरची दिव्य फुलांची माळ वाऱ्याने उडाली आणि इंदुमतीच्या छातीवर पडली. तिने क्षणभर त्या माळेकडे पाहिले आणि डोळे मिटले. ती कोसळली तसा अजही तिच्यासोबत जमिनीवर आला. दिव्यातून तेलाचा थेंब गळतो तेव्हा ज्योतही त्याच्याबरोबर खाली येते, असा दृष्टान्त कवीने येथे दिला आहे. स्वयंवरात इंदुमतीला चालत्या दीपशिखेची उपमा मिळाली होती, हे ज्याच्या ध्यानात आहे त्याला हा थेंब अधिकच जाणवतो.

वारा घातल्यावर अज शुद्धीवर आला, ती आली नाही. तारा नव्याने जुळवायच्या असलेली वीणा जशी मांडीवर घ्यावी, तसे त्याने तिला मांडीवर घेतले. तापवले की लोखंडही मऊ होते, मग देहधाऱ्यांची काय कथा, असे म्हणून कवी राजाच्या रडण्याची बाजू घेतो आणि मग त्यालाच बोलू देतो. विलापाचा आरंभ तर्काने होतो. फुलांच्या स्पर्शानेही प्राण जात असतील, तर दैवाला मारण्यासाठी कोणतेही साधन चालेल. पण याच माळेने तिचा जीव घेतला असेल, तर माझ्या छातीवर ठेवूनही ती मला का मारत नाही? हा प्रश्न विचारून झाल्यावर तर्क मागे पडतो आणि अजाचे डोळे तिच्या आजूबाजूच्या वस्तूंवर फिरू लागतात. वाऱ्याने तिच्या फुले माळलेल्या बटा हलतात आणि ती परत येते आहे असे त्याला क्षणभर वाटते. दोघांनी मिळून ओवायला घेतलेली बकुळीची मेखला अर्धीच राहिली आहे. आंबा आणि प्रियंगूची वेल यांचे लग्न लावायचे तिने ठरवले होते, तेही राहून गेले. तिच्या पायाच्या स्पर्शाने फुलायचा तो अशोक आता फुलेल; पण जी फुले तिच्या केसांत माळायची, ती तिच्या तर्पणासाठी कशी वाहायची? गृहिणी, सचिव, एकान्तातील सखी आणि ललितकलांतील प्रिय शिष्या अशी तिची चार नाती एका दमात मोजणारा श्लोक या विलापातला सर्वांत प्रसिद्ध श्लोक आहे. तो सुंदर आहेच, परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते अर्धवट ओवलेल्या बकुळीतून जे दुःख पोहोचते, ते त्या मोजणीतून तितके पोहोचत नाही.

विलापाचे वृत्त वियोगिनी आहे. त्याच्या विषम चरणांत दहा आणि सम चरणांत अकरा अक्षरे असतात. कालिदासाच्याच कुमारसंभवातील रतिविलाप, म्हणजे कामदेव जळाल्यावर त्याची पत्नी रती हिने केलेला शोक, हाही याच वृत्तात आहे. तेथे पत्नी रडते व पुनर्मीलनाचे आश्वासन तिला लगेच मिळते. अजाला तशी आशा मिळत नाही.

राणीच्या चितेवर अजाने देह टाकला नाही. याचे कारण देताना कवी कमालीचा प्रांजळ आहे: राजा असून बायकोमागे शोकाने मेला, असा बोल लागू नये म्हणून तो थांबला, जगण्याची आस होती म्हणून नव्हे. यज्ञात गुंतलेल्या वसिष्ठांनी शिष्याकरवी निरोप पाठवला. इंदुमती ही मुळात शापित अप्सरा होती आणि दिव्य फुले दिसताच तिचा शाप संपला. रडून तर नाहीच, पण तिच्यामागून मेल्यानेही ती भेटणार नाही, कारण ज्याच्या-त्याच्या कर्माप्रमाणे परलोकीच्या वाटा वेगळ्या असतात. स्वजनांचे न थांबणारे अश्रू मृताला जाळतात. मरण ही देहधाऱ्यांची प्रकृती असून जीवित हीच विकृती आहे. यातला प्रत्येक मुद्दा सबळ आहे. अजाने तो आदराने ऐकून घेतला आणि शिष्याला निरोप दिला. पण शोकाने दाटलेल्या त्या हृदयात जागाच न मिळाल्यामुळे तो उपदेश जणू गुरूंकडेच परत गेला. या श्लोकापाशी वियोगिनी सोडून कवी तोटक वृत्त घेतो.

मग अज जगला कसा, याचे उत्तर पुढच्या एकाच श्लोकात आहे. मुलगा लहान होता, म्हणून त्याने आठ वर्षे कशीबशी काढली. राणीसारखे काही दिसले की ते पाहावे, तिचे चित्र पाहावे, आणि स्वप्नात ती क्षणभर भेटली की तोच उत्सव मानावा, एवढाच त्याचा विसावा होता. या काळातल्या त्याच्या राज्यकारभाराचे वर्णन कवीने केलेले नाही. वाड्याच्या तळात पिंपरीच्या झाडाचे मूळ शिरावे आणि तो भेगाळावा, तसा शोकाचा खिळा त्याच्या हृदयात शिरला. वैद्यांना दाद न देणारा तो आजार प्रियेमागे जाण्याची घाई असलेल्या अजाला लाभच वाटला. दशरथ कवच धारण करण्याच्या वयाचा होताच राज्यरक्षणाचा भार त्याच्यावर सोपवून अजाने प्रायोपवेशन, म्हणजे मरेपर्यंत अन्नत्याग, केले आणि गंगा व सरयू यांच्या संगमावर देह ठेवला. स्वर्गातील नंदनवनात त्याला प्रिया पुन्हा भेटल्याचे कवी सांगतो. वसिष्ठांचे म्हणणे येथे काव्यातच खोटे ठरते.

ज्या मुलासाठी अज थांबला, त्याच्या वाट्याला नवव्या सर्गात शोक वेगळ्या वाटेने येतो. शिकारीत दशरथाच्या बाणाने एका तपस्व्याचा मुलगा मरतो आणि तो आंधळा बाप त्याला शाप देतो की, म्हातारपणी तूही पुत्रशोकानेच मरशील. त्या वेळी दशरथाला मूल नव्हते. मुलाचे मुख अद्याप न पाहिलेल्या मला हा शाप म्हणजे अनुग्रहच आहे, असे तो त्या बापाला म्हणतो.